पोरीचं पातेलं

फौजदारबाई उंबऱ्यातच होत्या, तोवर पोरीचं शवविच्छेदन केलेल्या डॉक्टरांचा फोन आला. "शिसं. रक्तात, हाडांत. दीड वर्षाची पोर! महिनोन्महिने पोटात जात होतं."

आत सून सात महिन्यांचं पोट धरून किंचाळत होती, "हिनंच घातलं काहीतरी! नातूच हवा होता हिला. पोरीला भरवायची हीच!"

सासू भिंतीला टेकून बसली होती.

"आजी, काय भरवायचात?"

"पेज. दूध."

"बरी कधी वाटायची?"

"आत्याकडे नेली तेव्हा. महिनाभरात बाळसं धरलं होतं. घरी आलो, पुन्हा ओकाऱ्या."

"तिथं कोण भरवायचं?"

"मीच की."

हात तोच. मग बदललं काय?

फळीवर एक पातेलं वेगळं ठेवलं होतं, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून. आतून कल्हई केल्यासारखं रुपेरी.

"त्याला हात नका लावू," सून कळवळली. "पोरीचं आहे. आम्ही कधी चहासुद्धा केला नाही त्यात."

बाईंनी कडीच्या खिळ्याखाली टाचणी घातली. रुपेरी मणी सुटला. नखानं दाबला, तर खूण उमटली.

दारात बाप उभा होता. तळहातांवर भाजल्याचे डाग. भंगारातल्या टीव्ही-मोबाइलच्या सर्किट-पट्ट्या तापवून तो मालकाच्या शेडात सुटे भाग काढायचा.

"पट्ट्यांवरचा जोडणीचा डाख वितळून पडतो, तो कशात धरता?"

त्याची नजर पातेल्याकडे गेली.

"असल्याच पातेल्यात," बाई म्हणाल्या. "त्या डाखात शिसं असतं. आजींच्या हातात विष नव्हतं, भांड्यात होतं. आत्याकडे भांडं दुसरं, म्हणून पोर सुधारली."

"पण मी घासलं होतं हो!" बाप म्हणाला. " तेजाबात बुडवून, तोंड दिसेस्तोवर. शेडात चकाकलं की स्वच्छ, असंच असतं आमचं. मालकच म्हणाला, हे पातेलं पोरीला ने."

"त्याला माहीत नव्हतं?"

"तो आमच्या शेडातलं पाणीसुद्धा पीत नाही."

बाईंनी फोन काढला. "मालकाला उचला." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "बाकी कुणी त्यातलं खाल्लं नाही, एवढं तरी नशीब."

सून पुटपुटली, "उरलेली पेज... पोरीचं उष्टं टाकवायचं नाही मला. मीच संपवायची."

तिचा हात पोटावर गेला.

सासू पहिल्यांदाच उठली, आणि सुनेशेजारी जाऊन बसली.