मानपत्रातली एक ओळ

दौंडच्या स्टँडवर शिरूरची एसटी लागली, तेव्हा दबोरा साळवेच्या मांडीवर एक रिकामी फ्रेम होती. चौकट होती, काच होती, आत मात्र काहीच नव्हतं. एवढी मोठी तिसरी फ्रेम शिरूरात मिळेना, म्हणून ती शिकवायची त्या शाळेने तिला शनिवारी मुद्दाम दौंडला धाडलं होतं. काचेला तडा गेला तर हेडमास्तर विल्यममास्तर आपल्याला फाडून खातील, या धास्तीने तिने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. आणि नेमका तेव्हाच तिच्या पावलावर गार पाण्याचा थेंब पडला.

सन छप्पनचा मार्च महिना. अंगाची नुसती काहिली होत होती. पहिला थेंब खरं तर बरा वाटला. पण मग दुसरा पडला, तिसरा पडला… आणि दबोराने वळून पाहिलं. शेजारी एक उंच, उन्हाने रापलेला तरुण मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन बसला होता.

“अहो, तुमची पेटी गळतेय.”

“बर्फ आहे. गळणारच.”

“मग माझ्याच पायावर का?”

“आत्ता अख्ख्या दौंडात एवढी गार जागा दुसरी नसेल,” तो म्हणाला. “तक्रार कसली करताय?”

दबोराने रागाने पाहिलं, पण पाय काही मागे घेतला नाही. कथा सांगणाऱ्याने अशा गोष्टी लपवू नयेत.

“लस आहे आत,” तो जरा नरमून म्हणाला. “बुळकांड्याची. बर्फ विरघळायच्या आत न्हावऱ्याला पोचलो, तर चाळीस जनावरं वाचतील. आणि तुमच्या चौकटीत काय?”

“अजून काही नाही. मानपत्र येणार आहे. आमच्या शाळेतून शिकून जे पदवीधर झाले, नाव काढलं, त्यांचा सत्कार आहे पुढच्या महिन्यात. माझं अक्षर बरं आहे, म्हणून बळीचा बकरा मी.”

“कोणाकोणाचा सत्कार?”

“एक वकील, एक रेल्वेतले इंजिनिअर. त्यांचं सोपं आहे. तिसरे जनावरांचे डॉक्टर, कोणी एलिया ओव्हाळ. मुंबईहून पदवी घेतली, एवढंच मला माहीत. आता काय लिहू? ‘हे ज्ञानसूर्या, म्हशींच्या उद्धारका’?”

तो इतका मोठ्याने हसला की पेटीतला बर्फ खळखळला.

“कसे असतील हो ते दिसायला?” त्याने विचारलं.

“सरकारी पदवीधर ना? चष्मा असेल. ढेरी असेल. आणि दर वाक्याला म्हणत असतील— ‘मी कॉलेजात होतो तेव्हा…’”

“ढेरी नाही. म्हणजे… नसावी.”

गाडी न्हावऱ्याला थांबली आणि कंडक्टर ओरडला, “ओव्हाळ डॉक्टर, उतरा! गुरं घिऊन मान्सं कवाची उभी हायेत.”

दबोराच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. फ्रेममध्ये तोंड लपवावं, तर मेली काच! तो खाली उतरला, पेटी सावरत खिडकीशी आला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “मी कॉलेजात होतो तेव्हा, बाई… इतकं खरं मानपत्र मला कोणी दिलं नव्हतं.”

मानपत्रासाठी माहिती द्यायला माणसाला एकदा यावं लागतं. हा चार वेळा आला. पहिल्या रविवारी उपासना झाल्यावर जन्मसाल सांगून गेला. दुसऱ्या रविवारी ते चुकलं होतं म्हणून दुरुस्त करायला आला. तिसऱ्या खेपेला म्हणे कॉलेजातलं पदक सांगायचं राहिलं होतं. दबोराने वही उघडून विचारलं, “कसलं पदक?” तर हा म्हणाला, “मिळालं नव्हतं. ते लिहू नका, एवढंच सांगायचं होतं.”

“डॉक्टर, तुम्हाला दुसरी कामं नाहीत का?”

“आहेत ना. पण गुरं काही विचारत नाहीत हो. नुसती बघतात.”

ती खाली मान घालून हसली. त्याने ते पाहिलं. तिने पाहिलं की त्याने पाहिलं… वहीत त्या दिवशी एकही अक्षर उतरलं नाही.

चौथ्या खेपेला मात्र खरंच काम निघालं. शाळेच्या मागे हौसरावांचा गोठा होता. त्यांची गाय सकाळपासून अडली होती. हौसराव कुंपणावरून हाका मारत आले, “डागदर, धावा! वासरू आडवं आलंय. बाई, तुमी बी या, पानी धराया कुनी न्हाई.”

दबोरा साडीचा पदर खोचून ऊन पाण्याचं घंगाळं धरून उभी राहिली. एलियाने बाह्या वर सारल्या आणि तासभर त्या मुक्या जिवाशी हळू आवाजात बोलत राहिला. “हो, हो गं… दुखतंय, कळतंय मला…” शेवटी एक ओली, लडबडलेली कालवड गवतावर आली. गाय तिला चाटू लागली. हौसरावांनी डोळे पुसले आणि गूळ आणायला घरात पळाले.

एलिया तसाच उभा होता, कोपरापर्यंत रक्ताने, चिकाने, शेणाने बरबटलेला. दबोरा त्याच्या हातांवर पाणी घालू लागली.

“हे हात बघून मला पोरगी कोण देणार, बाई?”

“साबण लावा. मग बघू.”

“चेष्टा नाही करत मी.” त्याचा आवाज खरंच बदलला होता. “माझी बदली झालीय, खानदेशात. सत्काराच्या संध्याकाळीच दौंडहून गाडी धरायचीय. तोंडावर विचारलं आणि तुम्ही तोंडावर नाही म्हणालात, तर… मला नाही सोसायचं ते. म्हणून असं करा. माझ्या मानपत्रात या हातांबद्दल एक ओळ लिहा. ती ऐकली की मी होकार समजेन. सभा संपताच तुमच्या वडिलांना भेटेन.”

“आणि नाही ऐकली तर?”

“तरी समजेन. पुन्हा तोंड दाखवून तुम्हाला त्रास देणार नाही.”

“शाळेच्या मानपत्रात असलं कोणी लिहितं का?”

“म्हणून तर,” तो म्हणाला. पाणी कधीच संपलं होतं, ती मात्र रिकामा तांब्या तसाच तिरका धरून उभी होती.

वकिलाचं आणि इंजिनिअरचं मानपत्र तिने एका दुपारी उरकलं. एलियाच्या मानपत्राला आठ दिवस लागले. त्यातले सात त्या एका ओळीपायी गेले. शेवटी बोरूने, काळ्याभोर शाईत तिने लिहिलं: “त्यांचे हात कोपरापर्यंत बरबटलेले आम्ही पाहिले आहेत, आणि आपले माणूस निर्धास्तपणे ज्यांच्या हाती सोपवावे, असेच ते हात आहेत.” त्या ‘आम्ही’मध्ये सगळी शाळा होती. पण प्रत्यक्षात होती ती एकटीच, हे दोघांनाच कळणार होतं.

सत्काराला शाळेचा दिवाणखाना गच्च भरला. पाहुणे म्हणून आलेले प्रांतसाहेब पांढऱ्याशुभ्र पोशाखात मध्यभागी बसले होते. विल्यममास्तरांचं वाचन म्हणजे काय विचारता! दोन मानपत्रं झाली, टाळ्या झाल्या. तिसरं सुरू झालं तेव्हा एलिया गुडघ्यांवर हात ठेवून, जरा पुढे झुकून ऐकू लागला. तिसऱ्या रांगेत दबोरा मास्तरांबरोबर ओठांतल्या ओठांत एकेक शब्द म्हणत होती.

मास्तर त्या ओळीपाशी आले. थांबले. खाकरले. त्यांची नजर एकदा प्रांतसाहेबांच्या पांढऱ्या कोटाकडे गेली… आणि पुढचा शब्द त्यांनी उच्चारला तो थेट ‘आपले नम्र’.

मास्तरांच्या मनात वाईट काही नव्हतं. असल्या शुभप्रसंगी ‘बरबटलेले’ हा शब्द त्यांच्या जिभेवर चढला नाही, एवढंच. पण दबोराने तेव्हाच उठायला हवं होतं. ‘मास्तर, एक ओळ राहिली.’ चार शब्द! वर्गात साठ पोरांना एका नजरेत गप्प करणारी ही बाई, तिला त्या दिवशी चार शब्द जड झाले. तीनशे माणसं वळून बघतील, ओळ कसली म्हणून विचारतील… ती बसून राहिली. जाऊ दे, तिने मनाची समजूत घातली, फ्रेम त्यांच्याच हातात जाणार आहे. वाचतील की.

एलियाने फ्रेम घेतली. मान खाली घालून बराच वेळ काचेकडे बघत राहिला. मग म्हणाला, “माझं बिऱ्हाड विंचवाचं. आज इथं, उद्या तिथं. हे मानपत्र शाळेतच राहू द्या. पोरं बघतील.”

केवढ्या टाळ्या पडल्या! किती विनयशील माणूस, प्रांतसाहेब म्हणाले. आणि त्या दिवसापासून प्रथाच पडली, की सत्कारमूर्तीने मानपत्र शाळेला द्यायचं. चहाच्या टेबलापाशी एलिया दबोरासमोर क्षणभर थांबला. “अक्षर फार सुंदर आहे, बाई,” एवढंच बोलला आणि दौंडच्या गाडीसाठी निघून गेला.

म्हणजे वाचलं, तिला वाटलं. वाचलं, आणि तरी परत केलं. तिने पत्र लिहिलं नाही. ज्याने आपली ओळ भर सभेत परत केली, त्याला पत्र काय लिहायचं?

अकरा वर्षं ते मानपत्र दिवाणखान्याच्या भिंतीवर होतं. बाकीच्या काचा ती दर शनिवारी पुसायची. त्या एका काचेकडे तिचं फडकं गेलं नाही. धुळ्याकडे एलियाने मार्था नावाच्या नर्सशी लग्न केलं, दोन मुली झाल्या, हे तिच्या कानावर आलं. तिला स्थळं आली, तिने परतवली. मग तिने बाहेरून परीक्षा देत बी.ए. केलं, बी.टी. केलं, पाबळपासूनच्या खेड्यापाड्यांतल्या मुली आणून मॅट्रिकला बसवल्या. आणि सदुसष्ट साली शाळेने ठरवलं, की यंदाचा सत्कार दबोराबाईंचा. पाहुणे म्हणून बोलावलं डॉक्टर ओव्हाळांना. त्यांची नुकतीच दौंडला बदली झाली होती.

सभा या वेळी बाहेर मांडवात होती; त्याआधी ती दिवाणखान्यात शिरली, तर तो त्या फ्रेमखाली उभा होता, रुमालाने काचेवरची धूळ पुसत.

“चष्मा आला, बाई,” तो वळून म्हणाला. “तुम्ही म्हणाला होता तसा.”

“आणि ढेरी?”

“थोडी.”

दोघंही हसली. मग तो पुन्हा काचेकडे वळला, ओळीवरून बोट फिरवत वाचू लागला… आणि बोट थांबलं. “…निर्धास्तपणे ज्यांच्या हाती सोपवावे…” त्याचा आवाज विझत गेला.

“हे… हे यात होतं?”

“तुम्ही वाचलं नव्हतं?” दबोराने विचारलं.

“मी ऐकायला बसलो होतो. मास्तरांनी नाही वाचलं.”

“त्यांनी गाळलं. पण फ्रेम तर तुमच्या हातात होती! किती वेळ बघत होतात…”

“डोळ्यांत पाणी आलं होतं, दबोरा. अक्षर दिसत होतं, शब्द दिसत नव्हते.” पहिल्यांदाच त्याने तिला नावाने हाक मारली. अकरा वर्षं उशिरा. “तू उठून का नाही बोललीस?”

“लाजले,” ती म्हणाली. याहून मोठं कारण तिच्याजवळ तेव्हाही नव्हतं आणि आताही नव्हतं.

दारात हौसराव आले, केस पार पांढरे झालेले. “चला की, समदी खोळंबल्यात! डागदर, ती कालवड आठवती का? सहा वेतं झाली तिची. गोठा भरला माझा.”

एलियाने रुमालाची घडी करून खिशात ठेवली.

दबोराचं मानपत्र एलियाने वाचलं. एक शब्द गाळला नाही. ‘आपले नम्र’ झाल्यावर तो थांबला, चष्मा काढला आणि कागदाकडे न बघता म्हणाला, “आणखी एक ओळ. या बाईंनी लिहिलेलं ज्याने वेळेवर वाचलं नाही, त्याच्याइतका करंटा पदवीधर या शाळेतून निघाला नाही.”

सभेत हशा पिकला, टाळ्या पडल्या. कोणा आळशी विद्यार्थ्याची गंमत असेल, असंच सगळ्यांना वाटलं. त्याने फ्रेम पुढे केली, तेव्हा तिला दिसले ते त्याचे हात. स्वच्छ, धुतलेले हात.

“बाई, प्रथेप्रमाणे हे शाळेला…” कोणीतरी पुढे झालं.

“नाही,” दबोरा उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “हे मी घरी नेणार.”

फाटकापाशी एलिया जीपमध्ये बसला. “निघतो. मार्था वाट बघत असेल.”

“त्यांना माझा सलाम सांगा,” ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं.

घरी येऊन, उजेड होता तोवर, तिने मानपत्र पहिल्या अक्षरापासून वाचलं. ती शेवटची ओळ त्यात नव्हती. कशी असणार? ती फक्त बोलली गेली होती. तिने फ्रेम पालथी केली, दौत काढली आणि मागच्या पुठ्ठ्यावर, ठेवणीतल्या अक्षरात, ती ओळ जशीच्या तशी उतरवून काढली. शाई वाळेपर्यंत ती रडली. मग डोळे पुसून तिने फ्रेम खिळ्याला टांगली, मानपत्र खोलीकडे आणि ती ओळ भिंतीकडे.