स्क्रीनवर चाळीस

पहिल्याच दिवशी दोघांची गाठ पडली ती कपाळावर टेंगूळ येऊन. ती मशीनच्या काचेतून वाकून आत बघत होती, आणि मशीनला टूल लावून देणारा सेटरही शेजारून त्याच काचेकडे वाकला.

"लागलं का?"

"मला नाही. तुमचं बघा, माझं डोकं टणक आहे."

ती तपासणी विभागातून नुकतीच मशीनवर आली होती. केसाएवढी चूक पकडायची, म्हणून सगळे तिला 'मायक्रॉन' म्हणत. सेटरनं तिला स्क्रीन वाचायला शिकवली.

"वरचे आकडे म्हणजे टूल आत्ता कुठं आहे. हा खालचा म्हणजे जॉबपर्यंत, घडवायच्या तुकड्यापर्यंत, अजून किती जायचंय. नवीन जॉब लावला की मध्येच थांबवायचं, हा आकडा वाचायचा, मग काचेतून खरं अंतर बघायचं. जुळलं तरच पुढं."

"आणि नाही जुळलं तर?"

"डोळ्याचं ऐकायचं. स्क्रीनला आपण सांगितलं तेवढंच कळतं."

पुढचे चार महिने तो तिच्या मशीनपाशी दिवसाला सरासरी अकरा वेळा आला. कामापुरतं म्हणाल तर चार पुरे होते. उरलेल्या सातांची नोंद तिच्या मनात चोख होती. तोंडानं मात्र दोघंही मिठाची गुळणी धरून. फोरमनमामा जाता-येता टोमणा मारत, "अरे मुंगळ्या, त्या मशीनला गूळ लागलाय का?"

आज त्याची इथली शेवटची पाळी. दुसऱ्या शहरात मोठी जागा मिळाली होती. त्यानं ड्रिल बदललं, "चालव" म्हणाला, आणि हात पुसत उभा राहिला... तिच्याकडे बघत.

त्यानं शिकवल्याप्रमाणं तिनं मध्येच थांबवलं. स्क्रीन सांगत होती, अजून चाळीस मिलिमीटर. काचेपलीकडं टोक आणि जॉब यांच्यात जागा जेमतेम बोटाच्या जाडीएवढी!

"सेटर... हे ड्रिल लांब आहे. मशीनमध्ये लांबी जुन्याचीच राहिलीय."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आणखी क्षणभर, आणि ड्रिल जॉबवर आपटलं असतं.

"सात वर्षांत पहिली चूक!" मामा धावत आले. "लक्ष कुठं होतं?" मग त्यांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. "चहा सांगून येतो. सावकाश येतो."

मामा गेले. ती बटणाशी चाळा करत म्हणाली, "नव्या कारखान्याचं अंतर कागदावर किती?"

"सहाशे किलोमीटर."

"आणि डोळ्याला?"

त्यानं दोघांमधली जागा पाहिली. "हातभर."

"जुळत नाही. मग काय करायचं? तुम्हीच शिकवलंत..."

"डोळ्याचं ऐकायचं." त्यानं हात पुसायचं फडकं बाजूला ठेवलं. "चार महिने सांगायचं राहिलं... जीव जडलाय गं तुझ्यावर."

"कळलंय. रोज सात वेळा."

तो चमकला, हसला, पुन्हा गंभीर झाला. "जावं तर लागेलच. पण महिन्याभरात आईला घेऊन तुमच्या घरी येतो."

"महिना?" तिनं मान हलवली. "तू महिना म्हणतोस, मला वर्ष दिसतंय. थांबव."

"बरं... रविवारी?"

त्यानं नव्या ड्रिलची लांबी भरली, तिनं बटण दाबलं. आकडा उतरू लागला... बारा... आठ... तीन... दोघं काचेशी वाकले, आणि कपाळाला कपाळ लागलं. या वेळी कुणीच मागं झालं नाही.