सांताचा डावा कान

माझं पोट डावीकडे सरकलं होतं, आणि ते मला एका परक्या माणसाने सांगितलं.

"काका, पोट..."

लिफ्टचं दार बंद होता होता तो आत घुसला होता. हिरवा अंगरखा, टोकदार बुटांना लावलेले घुंगरू आणि डोक्यावर लांबलचक टोपी. टोपी छताला घासू नये म्हणून मान वाकडी करून उभा. या दुकानाने सांताचा बुटका मदतनीस म्हणून चक्क सहा फुटांचा माणूस नेमला होता! मी घाईघाईने उशी ढकलून मध्यावर आणली.

"हं," मी शक्य तेवढ्या जाड आवाजात म्हटलं.

"बरं नाही का? आज एकदम मौनव्रत?"

"घसा बसलाय."

त्याने मान आणखी वाकवून माझ्या डोळ्यांत पाहिलं... क्षणभरच. मग हसला आणि म्हणाला, "असू दे. आज बोलायचं काम माझं."

हाच तो लंबू, हे मी तेव्हाच ओळखलं. बाबांनी मला बजावून पाठवलं होतं, "जगाला कळलं तरी चालेल, पण लंबूला कळता कामा नये. पोरगा सोन्यासारखा आहे, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही."

बाबा बावीस वर्षं या तीन मजली दुकानात सांता होत आलेत. यंदा हंगाम उद्यावर आला आणि बाबा जिन्यावरून घसरले. पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. त्याआधीच मॅनेजरबाईंनी सांगून ठेवलं होतं की यंदा खुर्ची एक दिवस जरी रिकामी राहिली, तर पुढच्या वर्षीपासून सांता एजन्सीकडून येईल. आई गेल्यावर बाबा पहिल्यांदा हसले ते त्याच खुर्चीत. त्या खुर्चीशिवाय त्यांचं वर्ष कसं सरलं असतं, मला विचारही करवेना. म्हणून मीच उठले आणि दाढी लावली. बाबांची न् माझी उंची एकच, खांदे तेच. राहिला आवाज. मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर "ब्रेक! ब्रेक!" ओरडून माझा आवाज असा झालाय, की फोनवर मला आजवर सगळ्यांनी 'साहेब'च म्हटलंय.

बाबांनी रात्रभरात जमेल तेवढं शिकवलं होतं. मुलांना कधी वचन द्यायचं नाही. नाहीसुद्धा म्हणायचं नाही. फक्त म्हणायचं, "बघू या."

पहिल्या दिवशी साठेक मुलं आली. कापसाच्या बर्फात, लाल मखमली खुर्चीत मी घामाने निथळत होते. शेजारच्या स्टुलावर एकेक मूल येऊन बसायचं. कुणाला सायकल हवी होती, कुणाला रंगपेटी, कुणाला धाकटा भाऊ परत करायचा होता. घोड्याच्या शेपटीसारखी शेंडी बांधलेल्या एका मुलीला घोडाच हवा होता. खराखुरा. "बघू या," मी म्हटलं आणि कान खाजवला. दाढीचं रबर डाव्या कानामागे असं काचत होतं की मी दर थोड्या वेळाने कान चोळत होते, ओढत होते. आणि लंबू? तो मधेच घुंगरू वाजवत कुणाच्या तरी आईबापांमागे पळत सुटायचा, धापा टाकत परत यायचा. याला एका जागी उभं राहवत नाही वाटतं, मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या हातात मलमाची डबी ठेवली.

"कानामागे लावा, काका. रबर काचतं."

एवढंच. पण माझ्या कानाची काळजी आजवर कुणी केली होती? मग हळूहळू आणखी गोष्टी येऊ लागल्या. तासातासाला पाण्याचा ग्लास, त्यात दाढीखालून नेमका तोंडात जाईल असा वाकवलेला स्ट्रॉ. दोन मुलांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात पुठ्ठ्याने घातलेला वारा. जेवणाच्या सुट्टीत मी "घसा" म्हणून पाठ फिरवून बसायचे, आणि तो एका शब्दाने न विचारता पडद्याच्या पलीकडे बसून बोलत राहायचा.

"काका, आपले फौजदार काय म्हणतात?"

मी घास खाली ठेवला. फौजदार म्हणजे मी. घरातलं हे नाव बाबांनी दुकानापर्यंत नेलं होतं तर!

"ठीक आहे ती."

"गेल्या वर्षी म्हणत होतात, मीठ जास्त पडलं तरी तोंड उघडायची सोय नाही."

मी दाढीआड ओठ चावला. घरी गेल्यावर बाबांचा हिशेब होणार होता. "पोरगी गुणाची आहे," मी ठणकावलं.

"हो? कधीपासून?"

"पहिल्यापासून. लोकांना कळत नाही."

"आणि दिसायला?"

"बरी आहे." मग वाटलं, बापाने एवढं हातचं राखून का बोलावं? "चांगलीच आहे. डोळे छान आहेत."

पडद्याची कड सरकली. तो माझ्याकडेच पाहत होता. माझं डोळ्यांपुरतं तोंड उघडं होतं, आणि तेवढ्यानेही मला कसंसंच झालं.

"असतील," तो म्हणाला. "तुमच्यावर गेले असतील."

माझा डावा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. शिकवणाऱ्याच्या बाजूला ब्रेक असतो ना, त्याची सवय. पण लाकडी फरशीला कुठला ब्रेक!

दिवस जात राहिले आणि मी सकाळी उशी बांधायला जरा जास्तच घाई करू लागले. तो हसला की डाव्या गालावर आधी हसू यायचं, मग उजव्या. रडणाऱ्या मुलासमोर तो स्वतः दोन्ही गुडघ्यांवर बसायचा आणि म्हणायचा, "मीपण घाबरतो याला. चल, आपण दोघं मिळून जाऊ." मला तो आवडायला लागला होता. भयंकर आवडायला लागला होता. आणि तो रोज माझ्याचपाशी बसून माझी चौकशी करायचा, मी मात्र बाप होऊन उत्तरं द्यायचे. सांगणार तरी कुठल्या तोंडाने? तोंडावर तर पांढरी दाढी.

तेराव्या दिवशी घोडा आला. म्हणजे, त्या शेंडीवाल्या मुलीचे बाबा आले, लालबुंद होऊन. मागून मॅनेजरबाई.

"तुमच्या या हिरव्या माणसाने पळत येऊन सांगितलं, हिची ही इच्छा मोडू नका! मला वाटलं, पोरगी आत काहीतरी मनातलं बोलली असेल. मी दिला शब्द! आता घोडा कुठे बांधू? बाल्कनीत?"

मॅनेजरबाई लंबूकडे वळल्या. "इच्छा खरंच मनापासूनची वाटून काकांनी डावा कान ओढला, तरच पालकांना गाठायचं. बावीस वर्षांची पद्धत आहे ही. ओढला होता कान?"

डावा कान! बाबांनी सगळं शिकवलं आणि नेमकं हेच विसरले. त्यांच्या हाताला इतकं सवयीचं झालं होतं की तोंडाला आठवलंच नाही. म्हणजे पहिल्या दिवशीची ती सगळी पळापळ... माझ्या खाजेपायी!

लंबूने माझ्याकडे पाहिलंही नाही. "नाही, बाई. काकांनी खूण केली नव्हती. मीच आगाऊपणा केला."

"मग उद्यापासून तळघरात. खोकी बांधायला."

मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात पितळ उघडं पडलं असतं. बाबांची खुर्ची गेली असती. मी मूग गिळून बसले. तो टोपी काढून निघाला, आणि लांबवर जाईपर्यंत त्याचे घुंगरू ऐकू येत राहिले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली तशी मी तळघरात उतरले. तो खोक्यांच्या गराड्यात बसला होता, दातांत चिकटपट्टीचा तुकडा धरून. मी दाढी खाली ओढली.

"मी बाबा नाही, हे कधीपासून माहीत होतं?"

त्याने चिकटपट्टी काढली. माझ्या चेहऱ्याकडे नुसतं पाहत राहिला, आणि पुढ्यातलं खोकं त्याच्या हातातून हळूच घरंगळलं.

"पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. "काका अख्ख्या हंगामात तीन-चारदा कान ओढतात. तुम्ही दुपारपर्यंत अकरा वेळा ओढलात. पहिले दोन-तीन मी खरेच धरले. मग वाटलं, काका घरी असणार आणि हे... फौजदार असणार."

"तरीही पळत राहिलात?"

"नसतो पळालो तर तुम्हाला कळलं असतं, की मला कळलंय. दुसऱ्या दिवशी उठून गेला असतात तर?"

"आणि ती रोजची चौकशी? मुलगी कशी आहे, दिसायला कशी आहे..."

"तीन वर्षं काकांकडून ऐकत होतो. म्हटलं, एकदा तुमच्या तोंडून ऐकावं." डाव्या गालावर हसू आलं. "गुणाची आहे. लोकांना कळत नाही."

मी लाजेने दाढी पुन्हा वर ओढली. "बाईंना खरं सांगा. तुमची काहीच चूक नाही."

"सांगितलं तर काकांची खुर्ची जाईल." तो पुन्हा खोक्याकडे वळला. "मी या दुकानात नवा आलो तेव्हा कुणी माझ्याशी दोन शब्द बोलत नव्हतं. काकांनी डब्यातला अर्धा घास काढून दिला होता. राहू दे ना... दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. घोडा, कान, तळघर. बाबा प्लास्टरवरून नुसता हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "फौजदार, दुसऱ्याच्या मानेवर पाय देऊन त्या खुर्चीत बसायचं नाही. जाऊन सांग. गेली खुर्ची तर गेली." बोलताना त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांना काय वाटत होतं, ते मला दिसायला नको होतं.

शेवटच्या दिवशी दुकान उघडण्याआधी मी मॅनेजरबाईंच्या टेबलासमोर दाढी काढून ठेवली.

"घोड्याची चूक माझी. माझा कान खाजत होता. बाबांचा पाय मोडलाय. पंधरा दिवस मीच बसतेय."

बाई दाढीकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे. मग पोटाकडे. बाहेर काचेपलीकडे मुलांची रांग कोपरा वळून गेली होती.

"मी काय म्हणाले होते? खुर्ची एक दिवस जरी रिकामी राहिली तर. राहिली का?"

"...नाही."

"मग दाढी लावा. वीस मिनिटं आहेत."

"आणि तळघरातला?"

"आधी घोड्याचं बोला."

"रविवारी त्या मुलीला आणि तिच्या बाबांना तबेल्यात नेते. तासभर बसू दे तिला घोड्यावर. गाडी माझी."

बाईंनी फोन उचलला. "त्या हिरव्याला वर पाठवा." आणि मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मात्र काकाच हवेत. तुम्ही मुलांना 'सीटचा पट्टा लावलास का' विचारता."

त्या दिवशी दोनशे मुलं आली, आणि मी एकदाही कानाला हात लावला नाही. पाच वाजता रांग संपली. पडदा ओढायला मी उठणार, एवढ्यात स्टूल करकरलं. लंबू बसला होता. गुडघे हनुवटीला टेकलेले, टोपी हातात.

"आधी नीट बस, मग बोल," मी सांताच्या आवाजात म्हटलं. "काय हवंय, बाळा?"

"मला गाडी शिकवणारी हवीये."

"गाडी आहे?"

"नाही. गाडी नसली तरी चालेल." मग त्याचा आवाज एकदम बसला, माझ्यासारखा. "पंधरा दिवस नुसते डोळे पाहिले, आणि तेवढ्यावरच... मला तू आवडतेस, फौजदार. फार आवडतेस. उद्यापासून ही खुर्ची रिकामी असणार, आणि मला कळत नाहीये मी काय करू."

माझा डावा पाय दाबला गेला नाही. जाऊ दे गाडी कुठे जायची ती.

"बघू या," मी म्हटलं. सांता वचन देत नाही. मग मी हातमोजा काढला आणि डावा कान धरून चांगला ओढला. कानाला खाज मुळीच नव्हती.

तो पाहत राहिला. मग ताडकन उठला, टोपी घातली.

"कुठे निघालास?"

"कुठे म्हणजे? काकांनी... सांताने कान ओढला की पालकांना गाठायचं. बावीस वर्षांची पद्धत आहे."

बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. माझ्या शिकवण्याच्या गाडीत एक सांता आणि छपराला टेकलेला एक बुटका बसलेला पाहून लोक थांबून हसत होते. घरी पोचेपर्यंत गिअर बदलून झाला की माझा हात त्याच्या हाताला सापडायचा.

बाबा खिडकीशी पाय लांब करून बसले होते. लंबू दारातच वाकला, सवयीने. घुंगरू वाजले.

"काका, खुर्ची तुमचीच आहे," तो घाईघाईने म्हणाला, "पण मी त्यासाठी नाही आलो. एका मुलीची एक इच्छा आहे. म्हणजे माझीही तीच आहे. ती मोडू नका, एवढं सांगायला आलोय."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझी दाढी केव्हाच गळ्यात आली होती आणि चेहरा लपवायला काही उरलं नव्हतं. बाबांचे डोळे भरून आले, पण बावीस वर्षांचा सांता तो, असा कसा वचन देईल?

"बघू या," बाबा म्हणाले. आणि त्यांचा हात आपला आपण डाव्या कानाकडे गेला.