कधीच न भरणारी टाकी

"आदी हिरीत, मंग टाकीत! उलटं करशीन ना पंकज, तर याद राख!" विहिरीच्या काठावर मयूरीने दोर त्याच्या हातातून हिसकावला. दोराला हात-हातभर अंतरावर गाठी होत्या आणि टोकाला दगड.

"अवं, मी का येडा हाओ का?" पंकज फुरंगटला. तो तिचा चुलतभाऊ. त्याचा मित्र हर्षदीप तर पोट धरून हसत सुटला.

मयूरीला मात्र हसू येईना. पोळ्यापासून घरातला पाळणा रिकामा होता. आई आणि चार महिन्यांचं बाळ नेरडीगोंड्याला, आजोळी. आईला दूध कमी, म्हणून बाळाला पावडरचं दूध घरच्या विहिरीच्या पाण्यात कालवून पाजायचे. एक दिवस त्याचे ओठ चक्क निळसर दिसू लागले! आदिलाबादच्या डॉक्टरांनी त्याला वाचवलं आणि बजावलं, "पाणी तपासून घ्या. तोवर लेकराला तिथलं पाणी नको."

दीड महिना झाला, पण तपासलं कोणी? "काचेसारखं पाणी हाय, अन् उकळतोच की!" असं थोरले काका, म्हणजे पंकजचे बाबा सुधाकरराव म्हणायचे. त्यांच्यापुढे मयूरीच्या बाबांचं काही चालत नसे. रोज संध्याकाळी फोनवर बाळाचं 'अगूऽऽ' ऐकू आलं, की मयूरीला भडभडून यायचं. वेणी आता तिची तीच घालायची, तीही वाकडीच यायची. तिला आई हवी होती, बस्स!

दसऱ्याची सुट्टी लागली आणि हर्षदीपने त्याच्या आईकडून, म्हणजे तामसीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या दीपमालामॅडमकडून, कागदी पट्ट्यांची डबी आणली. पट्टी पाण्यात बुडवायची, मिनिटभर थांबायचं. पाण्यात नायट्रेट असेल तर पट्टी गुलाबी होते. शेजारच्या ताराबाईंच्या शेतातल्या विहिरीत ती जेमतेम गुलाबी झाली. घरच्या विहिरीत मात्र बिटासारखी लाल!

"नायट्रेट डोळ्यांना दिसत नाही, वासही येत नाही," मॅडम म्हणाल्या होत्या. "उकळून जात तर नाहीच, उलट पाणी आटतं आणि ते आणखी दाट होतं. तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं, की रक्तातला प्राणवायू कमी होतो आणि ओठ निळे पडतात. खतातून येतं, नाहीतर मैल्यातून."

"खत तर ताराबाई बी टाकतात," मयूरी म्हणाली. "मंग आपल्याच हिरीत काऊन?"

तिघांचीही नजर एकदम एकाच जागी गेली. विहिरीपासून बारा पावलांवर काकांची संडासाची टाकी होती. गावभर नावाजलेली! "सहा वर्षं झाले, एकडाव उपसाव लागली नाही!" असं काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. त्यांचं पाहून अर्ध्या गल्लीने तशीच टाकी बांधली होती.

"काका, मॅडमनं प्रकल्प देला हाय. तुमच्या टाकीची माहिती लिहाची हाय!" मयूरी म्हणाली.

काकांची कळी खुलली. "लिहा, लिहा! दूर सरका पण, आत गॅस राह्यते." त्यांनी स्वतः झाकण सरकवलं आणि दोर सोडला. आधी मोजलं तेव्हा विहिरीत, कठडा सोडून, पाणी अकराव्या गाठीला लागलं होतं. मुलं नाक दाबून मोजू लागली. आठ... नऊ... दहा... डुबुक!

"अकरा! हिरीएवढंच!" हर्षदीप ओरडला.

"तळ किती खाली हाय काका?" मयूरीने वही उघडली.

"तळ कायले पाह्यजे? लोकं शिमिटाच्या हात-हात उंच सात कड्या टाकतात, म्या बारा टाकल्या अन् खालून मोकळी सोडली. म्हून तर भरत नाही!"

"मंग समदं जाते कुठी?"

"जाते की खाली..." काका बोलता बोलता थांबले. त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग विहिरीकडे. पंकजने गुपचूप दोन्ही पट्ट्या पुढे धरल्या.

"हॅट! पोरखेळ हाय हा!" काका गुरगुरले.

"पोरखेळ नाही काका!" मयूरीचा आवाज फुटला. "बाळ मरून गेलं असतं! मले आई पाह्यजे! तुमी पाणी तपासत नाही म्हून आई घरी येत नाही!"

दुसऱ्या दिवशी काका पहिल्या बसने विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन आदिलाबादला गेले. आठवड्याने अहवाल आला. पट्टी खरं बोलत होती. त्याच दुपारी टाकी उपसायला गाडी आली आणि काका गल्लीत घरोघर सांगत फिरले, "लेकराच्या दुधाले आपल्या हिरीचं पाणी नोका घेऊ. माह्यासारखी टाकी बांधली असन, तर मोडा! सहा वर्षं माह्या टाकीची तारीफ केली ना? आता या पोट्ट्यांची करा!"

मग त्यांनी मयूरीच्या आईला फोन लावला. धाकट्या भावाच्या बायकोशी ते आजवर फोनवर बोलले नव्हते.

"रेणुका, मी बोलून राह्यलो. टाकी माही, चूक बी माहीच. नवी टाकी पक्क्या तळाची, हिरीपासून दूर बांधतो. बाळाच्या दुधाचं पाणी ताराबाईच्या हिरीवरून मी सोता आणीन."

मयूरी फोनला कान लावून उभी राहिली.

"मयूरी हाय का तिथं?" आईने विचारलं.

"हाय आई!"

"पाळण्याची झोळी धुऊन ठेव."

झोळी धुवायला घरचं पाणीही चाललं असतं. पण मयूरी बादली घेऊन ताराबाईंच्या विहिरीकडे धावत सुटली.