मास्तरांचं कानाचं मशीन

सलूनच्या खुर्चीत बसलं की माणूस आधी चष्मा काढतो, मग घड्याळ, आणि मानेभोवती कापड बांधलं की जिभेचा लगामही काढून ठेवतो. वस्तू ठेवायला आरशाखाली एक स्टीलची वाटी असायची, आणि घाईत उठलेल्या गिऱ्हाइकाचं काही ना काही त्या वाटीत राहून जायचं. एकदा तर एका वकिलांची कवळीच राहिली होती. ती कोर्टात पोचेपर्यंत समोरच्या पक्षाने खटला जवळजवळ खिशात घातला होता.

सलूनवाल्याला सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत त्याचं तोंड बंद नसे. राहिलेल्या वस्तूंच्या बाबतीत मात्र सत्ता त्याच्या बायकोची होती. कोणाची अंगठी खिशात घेऊन तो घरी आला, की ती ताट वाढायचीच नाही. "आधी देऊन या. तिकडे माणसाचा जीव टांगणीला लागलाय, आणि तुम्हाला घास उतरतो कसा?" मग रेडिओ उपाशीपोटी अर्धं शहर पालथं घालायचा आणि परत येऊन दुप्पट जेवायचा. रेडिओच्या वाटीतलं कुठे जात नाही, असं लोक खुशाल म्हणत.

मग बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, आणि वाचाही गेली. त्याच दुपारी तिने दुकानात फोन केला होता. "अहो, ऐका ना," एवढंच ती म्हणाली. खुर्चीत गिऱ्हाईक होतं, म्हणून तो म्हणाला, "नंतर बोलू." ते 'नंतर' काही उजाडलं नाही. औषधं झाली, मालिश झालं, जो जे सांगेल ते झालं. ती पलंगावर पडून डोळ्यांनी त्याच्या मागे फिरायची, ओठ हलवायची, आणि घशातून नुसतं 'अं... अं...' यायचं. रेडिओची थोरली बहीण, ताई, तिचं करायला येऊन राहिली. दुकानातला रेडिओ मात्र बंद पडला. गिऱ्हाइकांना पहिल्यांदाच कात्रीचा आवाज ऐकू यायला लागला.

त्याला आता जगात एकच गोष्ट हवी होती. तिने एकदा बोलावं. शिव्या दिल्या तरी चालतील, पण बोलावं.

टायपिंगचे मास्तर त्याचं जुनं गिऱ्हाईक. आयुष्यभर पोरांना टायपिंग शिकवून, त्या खडखडाटाने त्यांच्या कानांचं पार वाटोळं झालेलं. बायको वारल्यापासून एकटेच राहायचे. कानाचं मशीन ते फक्त केस कापताना काढत, तेही जिवावर आल्यासारखं. "लवकर आटप रे," ते म्हणायचे, "हे काढलं की मी अगदी एकटा पडतो." म्हाताऱ्या माणसाला लोकांची सोबत लागते, त्याबद्दल म्हणत असतील, असं रेडिओला वाटायचं.

त्या संध्याकाळी दुकानात गर्दी होती. मास्तर गेले आणि मशीन वाटीत राहिलं. ठार बहिऱ्या माणसाला फोन तरी काय करायचा? त्यातच ताईचा निरोप आला, बायकोला ताप भरलाय. रेडिओने मशीन खिशात टाकलं आणि घर गाठलं.

ताप उतरला होता, पण खिशातून एक बारीक शिटी यायला लागली. लांबवर कोणाच्या तरी घरी कुकर अडून बसलाय, तसा आवाज. बटण कुठे ते कळेना. शेवटी, बंद झालंय की नाही हे समजावं म्हणून त्याने ते आपल्याच कानात बसवलं.

आधी पंख्याची घरघर आली. मग मोरीतला नळ, आणि ताईची भांडी. आणि मग अगदी जवळून, नेहमीच्या कुरकुरत्या सुरात:

"शर्टाला कसला उग्र वास येतोय. क्रीम बदललंत वाटतं."

रेडिओ गर्रकन वळला. बायको त्याच्याकडे बघत होती, तिचे ओठ थरथरत होते. मोकळ्या कानात 'अं... अं...' येत होतं. मशीनच्या कानात ती बोलत होती.

"अगं..." तो म्हणाला.

"ऐकू येतंय तुम्हाला?" ती म्हणाली. "खरंच येतंय? मी केव्हापासून बोलतेय..."

तो पलंगापाशी खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून त्याने आधी तेच विचारलं, जे इतके दिवस त्याला खात होतं. "त्या दिवशी फोनवर काय सांगायचं होतं गं तुला?"

ती जरा आठवत राहिली. "न्हाणीतला बल्ब गेलाय, येताना घेऊन या, एवढंच."

एवढंच! रेडिओ रडता रडता हसायला लागला. हा वेडा झाला की काय, म्हणून ताई दारातून डोकावून गेली. तिला तर नुसतं 'अं... अं...' ऐकू येत होतं.

मशीन मास्तरांचं होतं, हे त्याला त्या रात्रीही ठाऊक होतं आणि दुसऱ्या दिवशीही. मास्तरांच्या पुतण्याचा फोन आला. "काका अगदी कासावीस झालेत हो. जेवत नाहीत. मशीन तुमच्याकडे तर राहिलं नाही ना?"

"नाही हो," रेडिओ म्हणाला. "वाटी रिकामी होती."

ज्या तोंडाने त्याने गावभर गप्पा मारल्या, त्याच तोंडाने आयुष्यातली ही पहिली चोरी केली. बायकोने ते ऐकलं. "देऊन टाका," ती म्हणाली. तो म्हणाला, "देतो. थोडे दिवस." तिनेही मग फार ताणून धरलं नाही. तिलाही बोलायचं होतंच की.

तीन-चार दिवसांनी खोलीत डांबरगोळ्यांचा वास यायला लागला. ताईने कपाट उपसलं, गाद्या उन्हात टाकल्या. डांबरगोळी एकही सापडली नाही. वास पलंगाच्या डोक्याकडे जास्त होता.

"अहो," बायकोने हळूच विचारलं, "ही कोण आहे?"

"कोण?"

"उशाशी बसते ती. पांढरे केस आहेत. तुम्ही मशीन आणलंत ना, तेव्हापासून येते. म्हणते, माझं माणूस तिकडे बहिरं बसलंय, मला इथे का आणलंत?"

रेडिओने उशाकडे पाहिलं. तिथे भिंत होती आणि औषधांचं स्टूल. तो म्हणाला, "भास झाला असेल तुला. झोप."

दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. सकाळी उशिरा उठून बघतो, तर बायको पलंगाच्या अगदी कडेला आलेली. अजून थोडी सरकती तर खालीच पडली असती. तिला कूससुद्धा दुसऱ्याने बदलून द्यावी लागे.

"ताई, हिला असं कडेला कशाला ठेवलंस?"

"मी कुठे? मला वाटलं तूच सरकवलंस."

पलंगाची आतली बाजू रिकामी होती. तिथे चादर खोल दबलेली होती, आणि ती हळूहळू आणखी दबत होती.

त्याने मशीन कानात घातलं.

"रात्रभर म्हणतेय, सरक जरा..." बायको घाईघाईने कुजबुजत होती. "सरक, मला टेकू दे... अहो, मला आता जागाच उरली नाही..."

"आत्ताच देऊन येतो!" रेडिओ म्हणाला. "मास्तरांचं मास्तरांना मिळालं की जाईल ती. मला नको काही. तू बोलली नाहीस तरी चालेल, पण तू राहा."

"थांबा, आत्ता नेऊ नका, आत्ता मी तिच्या..."

पण तोवर त्याने मशीन उपटून काढलं होतं. वाक्य मधेच तुटलं. मागे राहिलं ते 'अं... अं...', आणि फाटलेले डोळे. आपल्या आवाजाला मुकणार म्हणून बिचारीचा जीव तुटतोय, असं त्याला वाटलं. सवयीने त्याने मशीन स्पिरिटने पुसलं, एका रिकाम्या डबीत ठेवलं आणि भर उन्हात सायकल काढली.

मास्तर खुर्चीत बसले होते. समोर दुसरी खुर्ची होती, रिकामी. तिच्या पाठीवर एक जुनी शाल होती आणि खोलीभर डांबरगोळ्यांचा वास होता. डबी पाहताच मास्तर लहान मुलासारखे झाले. चोरीबिरी काही विचारलं नाही. मशीन कानात घातलं, डोळे मिटले आणि वाट बघत बसले. रेडिओ दाराशी उभा होता.

"आली," मास्तर म्हणाले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "घसा बसलाय वाटतं. आणि हे काय नवीन? 'अहो' म्हणतेय. जन्मभर मला 'मास्तर'च म्हणत आली..."

तेवढ्यात रेडिओचा फोन वाजला. ताई होती, आणि ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. "धावत ये! वहिनी बोलली रे! चांगली स्पष्ट बोलली!"

मग कसला तो मास्तरांचा निरोप घेतोय! जिना त्याने दोन उड्यांत उतरला. वाटेत तो मोठ्याने बोलत होता, हसत होता, रस्त्यातल्या ओळखीच्यांना हात करत होता. परत केली वस्तू, आणि लगेच फळ मिळालं. बायको आयुष्यभर सांगत होती ते काही खोटं नव्हतं.

बायको पलंगाच्या मधोमध बसली होती. गेलेल्या उजव्या हाताने केस सारखे करत होती. तिने रेडिओकडे पाहिलं, दुकानदाराकडे पाहावं तसं.

"तुम्ही मास्तरांचे केस कापता ना? मशीन पोचवलंत, उपकार झाले."

आवाज तिच्याच घशातून येत होता. बोलणं तिचं नव्हतं.

"तुला ओळखत नाहीये अजून," ताई पदराने डोळे पुसत म्हणाली. "येईल रे हळूहळू. डॉक्टरांना फोन करते मी." आणि ती बाहेरच्या खोलीत गेली.

रेडिओ पलंगाजवळ गेला. "माझी बायको कुठे आहे?"

ती त्याच्याकडे जरा कीव आल्यासारखी बघत राहिली. "मी नुसतं सरक म्हटलं," ती हळूच म्हणाली. "तर पडली बिचारी. पलंग तरी केवढासा..."

"कुठे पडली? कुठे आहे ती?"

"मास्तरांना निरोप द्या," ती म्हणाली आणि उशी पाठीशी घेतली. "म्हणावं, आता बॅटरी संपायची भीती नाही."

मघाचं 'अहो' आत्ता त्याच्या डोक्यात शिरलं. सायकलवर बसायचंही त्याला सुचलं नाही. तो पळत सुटला. डांबर तापलं होतं, एक चप्पल कुठे गेली कळलं नाही. तिला डबीत घालून, झाकण लावून आपणच नेलं. आपल्या हाताने दुसऱ्याच्या घरी ठेवून आलो. दुनियेच्या विसरलेल्या वस्तू पोचवल्या, आणि आपली विसरून आलो. "देवा, ती तिथेच असू दे," एवढंच तो पळता पळता म्हणत होता.

मास्तर खाली पायरीवरच बसले होते. मशीन तळहातावर होतं.

"घे बाबा," ते म्हणाले. "ही माझी नव्हे. दुसरीच कोणीतरी होती. रडत होती सारखी. मला इथे कशाला सोडून गेले, म्हणत होती. म्हटलं, बाई, घर कुठे तुमचं? तर म्हणाली, सलूनवाल्यांचं. मग मी तिला रस्ता समजावून दिला..."

रेडिओने हातानेच 'पुढे?' असं विचारलं.

"आणि निघाली ती. तू येत होतास ना त्याच रस्त्याने? भेटली नाही तुला?"

रेडिओने मशीन हिसकावून कानात घातलं. रिक्षांचे भोंगे, कोणाचा तरी टीव्ही, त्याचाच धापा टाकणारा श्वास. तो तिला हाका मारत राहिला. येणारे-जाणारे वळून बघायला लागले.

फोन वाजला.

"अरे, कुठे आहेस तू?" ताई म्हणाली. "मघापासून कोणीतरी दारावर थापा मारतंय. फटीतून बघितलं, तर बाहेर कोणीच नाही. आणि वहिनी म्हणते, उघडू नका..."

"ताई, उघड!" तो ओरडला. "तिचं ऐकू नकोस! आत्ताच्या आत्ता उघड दार!"

ताईची पावलं ऐकू आली. कडी सरकली, दार करकरलं.

"उघडलं बाबा. नाही रे कोणी... अगंबाई! अरे..."

मधेच काहीतरी जड सरकल्याचा आवाज आला. मग दार धाडकन आपटलं आणि कडी परत बसली.

"काय झालं? ताई! कोणी लावलं दार?"

ताई आनंदाने हुंदके देत होती. "अरे, चालली रे वहिनी! आपल्या पायांनी उठली, दारापर्यंत गेली, आणि आपल्या हाताने कडी घातली बघ तिने!"

तिच्या रडण्यामागे दारावरच्या थापा पुन्हा सुरू झाल्या होत्या.