सेकंदकाटा

"तुमच्या घड्याळाला सेकंदकाटा आहे?"

मेकाँगच्या धक्क्यावर होडीसाठी थांबलेल्या विरकनं मान वर केली. समोर गावच्या दवाखान्यातली नर्स मलिस उभी होती. सलग तीन बाळंतपणांच्या जागरणानं तिचे डोळे तारवटले होते.

"आहे… का?"

"मग चला. माझं बंद पडलंय."

ती त्याला घेऊन गेली त्या घरात बाजेखाली निखारे धगधगत होते. वर बाळंतीण, कुशीत चार दिवसांचं बाळ. सकाळपासून ते दूध ओढत नव्हतं.

"पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे," मलिस म्हणाली. "साठ भरले की धोका."

दोघं त्या मुठीएवढ्या छातीवर वाकले.

"अठ्ठावन्न," विरक म्हणाला.

"चौसष्ट. तुम्ही बाळाकडेच बघत होता ना?"

"म्हणजे… मधे एकदोनदा नाही."

"पुन्हा!"

या वेळी दोघांचेही सहासष्ट भरले.

"पण ताप नाहीये," बाळाच्या काखेतला थर्मामीटर पाहून तो म्हणाला.

"हा आकडा निखाऱ्यांच्या शेकाचा आहे, बाळाचा नाही." तिनं बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधलं, वर पांघरूण घातलं आणि दोघांना विस्तवापासून दूर बसवलं.

बाळाची आजी, सगळ्यांची याय, तणतणली, "ओल्या बाळंतिणीला उठवतेस? गारठली तर निस्तरशील?"

"निस्तरीन, याय."

अर्ध्या तासात बाळाचं तापमान पस्तीस अंशांवर उतरलं; जंतुसंसर्गात इतकी लहान बाळं कधीकधी तापत नाहीत, गार पडतात. आजीनंच आणखी एक पांघरूण आणलं.

विरक शहरातल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करायचा. त्यानं पेटीतून बाटली काढली. "रक्त घेऊया. पण जंतू वाढून कळायला पाच दिवस—"

"तेवढे दिवस आहेत याच्याकडे?"

तिनं रक्त घेतलं, लगेच प्रतिजैविकांची इंजेक्शनं टोचली आणि सगळ्यांना शहराच्या होडीत बसवलं. वाटभर ती मोजत होती. तो घड्याळ धरून होता… आणि आता फक्त बाळाकडेच बघत होता.

पाचव्या दिवशी ती रुग्णालयात आली. विरक कागद घेऊन व्हरांड्यात उभा.

"जंतू सापडले. तुमचं बरोबर होतं."

"ते बाळानंच सांगितलं मला. चुरूचुरू पितंय आत."

दोघं बाकावर टेकले. पाच दिवसांचा शीण अंगात होता. विरकचे डोळे मिटले. मलिसनं हळूच त्याचं घड्याळाचं मनगट आपल्याकडे वळवलं आणि त्याच्या छातीकडे पाहत ती श्वास मोजायला लागली.

"किती?" डोळे न उघडताच त्यानं विचारलं.

ती दचकली. "सोळा… ठीक आहे."

"पुन्हा मोज. तू हात धरलास तेव्हा श्वास अडकला होता माझा."

तिनं मनगट सोडलं नाही. पुन्हा एकपासून सुरुवात केली.