शनिवारपर्यंत चाल पाठव

ठेवा ते मोबाइल जरा बाजूला. नुसतं टाइप करून जो खेळ तुम्ही खेळता ना, कोणी शिपाई, कोणी राजा, चित्र नाही काही नाही, सगळं मनातच पाहायचं… तसा खेळ आमच्या पांढुर्ण्यात पोस्टकार्डावर चालायचा. हसू नका रे. तो चालवणारे विनायक मास्तर माझ्याच शाळेत, माझ्याबरोबर शिकवायचे. हे सगळं त्यांनी मला एकदाच सांगितलं, दुसऱ्यांदा त्यांना सांगवलं नाही.

तर तो दिवस शनिवार, बावीस फेब्रुवारी, एकोणीसशे शहाऐंशी. माघी पौर्णिमेला दोन दिवस होते. हेडमास्तर पुंडलिकरावांच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता आणि दोन पेट्या संत्री हवी होती. मास्तर म्हणाले, "बाजारात कशाला जाता? सौंसरकडे माझ्या गुणवंताची बाग आहे, मी आणतो." अर्ध्या दिवसाची शाळा सुटली आणि ते खुशीत बसमध्ये जाऊन बसले.

गुणवंता म्हणजे जिवाभावाचा दोस्त. दोघं छिंदवाड्याला एका खोलीत राहून शिकले. एक मास्तर झाला, दुसरा बागेत परतला. भेटी कमी झाल्या, म्हणून मास्तरांनी हा खेळ काढला. मनातला एक किल्ला. गुणवंता त्याच्या दरवाजावरचा पहारेकरी, तिगावचा अनिल किल्ल्यातला वैद्य, असे चार-पाच गडी. प्रत्येकाने आठवड्याला एक कार्ड टाकून आपली चाल कळवायची आणि मास्तर उलट टपाली लिहायचे, पुढे काय घडलं ते. चाल शनिवारपर्यंत पोचली पाहिजे. आणि मास्तरांनी मारल्याशिवाय खेळात कोणी मरायचं नाही, हा पक्का नियम.

आता तुम्हाला ठाऊक नसेल, पण घरात कोणी गेलं की तेव्हा कार्डाचा कोपरा फाडून नातलगांना धाडत. ते कार्ड उंबऱ्याबाहेरच वाचायचं, वाचून फाडायचं, घरात न्यायचं नाही. मास्तरांनी काय करावं? खेळात अनिलचा वैद्य नदीत बुडवला आणि अनिलला खरोखरच कोपरा फाडलेलं कार्ड धाडलं! त्याची आई दारातच मटकन खाली बसली. मास्तरांनी तिच्या शिव्या खाल्ल्या, पण दोस्तमंडळींत महिनाभर हशा पिकला.

म्हणूनच घात झाला. संत्र्यांच्या त्या शनिवारआधीच्या सोमवारी मास्तरांना गुणवंताच्या घरून कोपरा फाडलेलं कार्ड आलं. "गुणवंता वारले. तेरवी रविवारी." अक्षर त्याच्या बायकोचं, प्रेमलताचं. मास्तर पोट धरून हसले. लेकाने बायकोलाही खेळात ओढलं म्हणायचं! तिथल्या तिथे त्यांनी उत्तर खरडलं, "मेला असशील तर ऊठ. माझ्या हुकुमाशिवाय तुला मरता येत नाही. शनिवारपर्यंत चाल पाठव."

आणि ते टपालपेटीत टाकलं.

वाटेत बस पंक्चर झाली. लोधीखेड्याच्या रस्त्यावरच्या फाट्याला मास्तर उतरले तेव्हा सव्वाआठ वाजून गेले होते. तिथून गाव मैलभर. चांदणं लख्ख होतं आणि दोन्ही बाजूंच्या बागा फळांनी वाकल्या होत्या. अर्ध्या वाटेवर नाल्यावरची मोरी लागते. तिच्या कठड्यावर घोंगडं पांघरून कोणी बसलं होतं.

"आला का बे? कवाचा बसून राहिलो मी."

गुणवंताच. मास्तरांना हसू फुटलं.

"घरी बसायला काय झालं होतं?"

"घरी कोनाले दिसत नाही मी."

मास्तरांना वाटलं, वहिनींशी बिनसलंय. ते शेजारी टेकले. गुणवंता समोर बागेकडे पाहत होता.

"शनिवार हाय ना आज. चाल सांगाची होती."

"सांग की."

"पहारा सोडतो म्हनतो. दमलो विन्या. लय दमलो."

"वा रे वा! मग दरवाजा कोण पाहील? अजून वर्षभर तुला हलता येत नाही."

गुणवंताने घोंगडं घट्ट ओढलं. डाव्या हाताने. उजवा त्याने बाहेर काढलाच नाही. एवढी थंडी नव्हती…

"मले जाऊ दे ना, विन्या."

आवाज असा होता की मास्तरांना काहीतरी वाटलं. पण त्यांनी ते झटकलं. खेळातच होते ना ते अजून.

"नाही म्हणजे नाही. चल, घरी जाऊन बोलू."

ते उठून चालू लागले. चार पावलं… दहा पावलं… मागून चपलांचा आवाज नाही. वळून पाहिलं.

कठडा रिकामा.

"गुणवंता!"



बागेतून आडवाटेने गेला असेल, असं मनाला सांगत मास्तर घरी पोचले. अंगणात कंदील होता. उद्याच्या स्वयंपाकाची मोठी पातेली घासून पालथी घातली होती. ओट्यावर धाकटा भाऊ गजानन बसला होता. त्याचं डोकं भादरलेलं. आणि भिंतीला टेकून प्रेमलता. कपाळ मोकळं.



"कार्ड भेटलं नाही का तुमाले, मास्तर भाऊजी?" तिने विचारलं.

"भेटलं."

"मंग?"

अकरा तारखेला बागेत मोटर सुरू करायला गेलेल्या गुणवंताला करंट लागला होता. गजानन खाली मान घालून सांगत होता, "उजवा हात पार कोळशावानी झाला होता दादाचा." आणि दोस्त? दोस्त हसला होता. खांदा द्यायचा राहिला, निदान मागाहून तरी धावत यायचं, तर त्याने मेलेल्या माणसाला हुकूम सोडला होता.

प्रेमलता बाहेरच्या कोनाड्यातून एक कार्ड घेऊन आली. मास्तरांचंच.

"हे आलं बुधवारी. तवापासून तीन राती झाल्या, आंगनात कोनीतरी येऊन बसते. खोकला त्याइचाच हाय. दार उघडलं का कोनी नसते." ती रडली नाही. तिचं रडून संपलं होतं. "तुमी उठवलं त्याइले, भाऊजी. आता तुमीच झोपवा."

मास्तर एकटेच मोरीवर परत गेले. पिशवीत कोरी कार्डं नेहमीचीच. चांदण्यात कठड्यावर कार्ड ठेवलं, पेन उघडलं… आणि हात चालेना. खेळात जिथे-तिथे लोकांना मारणारा, बुडवणारा माणूस. दोन शब्द लिहायला त्यांना किती वेळ लागला कोण जाणे. लिहिलं,

"गुणवंता वारला."

कोपरा फाडला. आणि उभं राहून मोठ्याने वाचलं, बागेला ऐकू जाईल असं.

"पहारा सुटला तुझा. चुकलो मी, गुणवंता. जा आता…"



पानं हलली नाहीत.

फक्त अंगाला अगदी चिकटून कोणी बसलेलं असावं आणि ते उठावं, तशी बाजूची हवा मोकळी झाली. तेव्हा मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, छिंदवाड्याच्या खोलीतून तो गावी निघाला की दर वेळी निघायचं तेच, "पोचल्यावर कार्ड टाक रे!"

बोलले आणि आपण काय बोललो ते त्यांना कळलं. त्या मोरीवर चाळिशीचा माणूस लहान पोरासारखा रडला. मग कार्डाचे तुकडे करून त्यांनी नाल्यात सोडले.

त्या रात्री अंगणात कोणी खोकलं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तेरवीच्या पंगतीत वाढलं, उष्टी काढली, आणि संत्री न घेताच परतले. खेळ तर बंदच झाला.

पुढच्या शनिवारी मधल्या सुट्टीत पोस्टमन शाळेत आला. मास्तर हात पुढे करेनात, तेव्हा कार्ड मीच घेतलं, म्हणून सांगतो. वर मास्तरांचं नाव, शाळेचा पत्ता. मागे दोनच शब्द.

"सुखरूप पोचलो."

पोस्टाचा गोल शिक्का स्वच्छ उमटला होता. मी उजेडात धरून नीट पाहिला. आत गावाचं नाव नव्हतं… तारीखही नव्हती.